ती नोटीस आली असती तर

तिकोणा पेठ
१६ नोव्हेंबर

तेजू,

फोन केला की तिसऱ्या वाक्याला मी रडते आणि चौथ्या वाक्याला तू चिडतेस. मागच्या खेपेला तूच म्हणालीस, "आई, त्यापेक्षा लिहून पाठव." म्हणून बसले लिहायला. बारावीनंतर किराणाच्या यादीपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

इकडे सगळं ठीक आहे. भाताची झोडणी उरकली. इंद्रायणी यंदा बरा पिकला, वासावरून कळतंय. धरणाच्या काठाला तंबूवाल्यांची गर्दी वाढली आहे. शनिवार-रविवार त्यांची गाणी थेट आपल्या वट्ट्यावर ऐकू येतात. गावातल्या अर्ध्या पोरांना त्यातच काम मिळालंय, त्यामुळे कुणी ओरडत नाही.

तुझे अण्णा बरे आहेत. नागपूरचं अधिवेशन जवळ आलं, त्यामुळे घरात माणसांचा राबता आहे. तू लहान असताना त्यांना विचारायचीस, "अण्णा, हात वर कधी करायचा ते तुम्ही कसं ठरवता?" आणि ते म्हणायचे, "पुढच्यानं केला की." मग दोघं हसायचात. परवा आपला पीए समर्थ कागद लावत बसला होता, त्याला मी तेच विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, अण्णा थट्टा नव्हते करत."

काल सकाळपासून पुष्कळ माणसं येऊन गेली. कुणाला रस्ता हवा, कुणाला पवनानगरहून एसटीची एक जादा फेरी, कुणाला मुलाचं कंपनीत काम. कायद्याचं बोलायला कुणी येत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. काल मात्र देवस्थान समितीची चार माणसं एका विधेयकाबद्दल बोलायला आली होती. लग्नाच्या नोंदणीचं काहीतरी आहे. मला नीट कळलं नाही. मी चहा केला आणि आत आले.

नागपुरात थंडी पडली असेल. स्वेटर नवा घे, जुना बाहीपाशी उसवलेला आहे. तू तो नेलास की नाही तेही मला माहीत नाही.

आई


तिकोणा पेठ
२५ नोव्हेंबर

तेजू,

तुझं पत्र आलं. एवढ्या लांबून पोस्टाने आलेल्या पाकिटात दोनच ओळी! "आई, ते विधेयक काय आहे ते तुला नीट कळलेलं आहे. खरं लिही."

बरं, खरं लिहिते.

नव्या विधेयकात असं आहे की कुणी मुलामुलीने आपल्या मनाने लग्नाची नोंदणी करायची ठरवली, तर त्या कचेरीने दोघांच्या आईबापांच्या घरी नोटीस धाडायची आणि महिनाभर थांबायचं. महिना सरल्यावर नोंदणी. वर्तमानपत्रात याला पालकांचा हक्क म्हणतात. देवस्थानवाले तेच म्हणत होते. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही, पण चहाचा कप तोंडाला लावताना प्रत्येकाने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं, तेव्हाच मला कळलं.

आता पुढचं. हे विधेयक मांडलं की आपल्या बाजूने पहिलं भाषण तुझ्या अण्णांनी करावं असं पक्षाने ठरवलं आहे. मोठ्या साहेबांचा फोन आला होता. अण्णांनी तो स्पीकरवर ठेवला, कारण त्यांच्या हाताला मासळीचा वास होता. साहेब म्हणाले, "कैलासराव, हे दुःख तुमच्याइतकं कुणी भोगलंय? तुम्ही उभे राहिलात की सभागृह गप्प बसून ऐकेल." मग इकडचं तिकडचं झालं. कामशेतच्या रस्त्याची फाईल वर आली आहे म्हणाले. संक्रांतीनंतर मंत्रिमंडळ वाढायचं आहे म्हणाले. धमकी नाही, अट नाही, नुसत्या गप्पा. अण्णा "व्हय साहेब, व्हय साहेब" करत राहिले.

फोनवर संदेशांचा पाऊस आहे. शेकडो माणसांचे, आणि सगळ्यांचा मजकूर एकच, चूकही एकाच जागी. समर्थ म्हणतो, कुणीतरी एकाने लिहून दिलेलं असतं. मी त्याला म्हटलं, "मग ते कशाला मोजायचे?" तो म्हणाला, "वहिनी, आमदार मजकूर वाचत नाही, आकडा वाचतो. त्यात विरोधात जाऊन चालत नाही. पक्षाचा व्हीप निघाला की निघाला. त्याच्या विरुद्ध मत दिलं तर आमदारकी जाते. मग जिथे निरुपाय आहे तिथे विचार कशाला करायचा, असं बहुतेकांचं असतं."

तुझे थोरले आबा रोज येतात. अण्णांच्या या थोरल्या भावाला, विठ्ठल भाऊजींना, तू ओळखतेस. काल पायरीवर बसून म्हणाले, "कैलास, चार वर्सं खाली मान घालून फिरलोय आपण. आता समद्या राज्यासमोर मान वर करायची येळ हाय."

ते गेल्यावर मी तुझ्या अण्णांना विचारलं, "भाषणात तिचं नाव घेणार का?"

ते म्हणाले, "नाव कशाला घ्यावं लागतंय? समद्या तालुक्याला ठावं हाय."

तेजू, त्यांचा आवाज तसा नव्हता जसा तुला हे वाचताना वाटेल. पण मी त्यांची वकिली करत नाही. तू खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिलं.

आई


तिकोणा पेठ
५ डिसेंबर

तेजू,

आज अण्णा नागपूरला गेले. दरवर्षी जातात. दरवर्षी तू राहतेस त्या गावात दोन आठवडे राहून परत येतात आणि मला संत्री आणून देतात. मी ती सोलते आणि काही विचारत नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सांगितली असती तर तू परत कधी या गावाचं नाव घेतलं नसतंस, अशी भीती होती. आता सांगते, कारण आज सकाळी ती आमच्या दोघांत निघाली.

तुमची नोंदणी पुण्याला झाली त्या दुपारीच गावात कळलं. कुणाचा तरी मित्र त्या कचेरीत होता. अर्ध्या तासात आपल्या अंगणात दोन जीपा उभ्या राहिल्या. भाऊजी होते, वरच्या आळीची पोरं होती. जीपमध्ये काय काय टाकलं ते मी लिहीत नाही. अण्णा वट्ट्यावर उभे होते. भाऊजींनी विचारलं, "कैलास, निघू ना?"

अण्णा काहीच बोलले नाहीत. जा म्हणाले नाहीत, जाऊ नका म्हणाले नाहीत. राजकारणातल्या माणसाचं न बोलणं म्हणजे काय ते सगळ्यांना बरोबर कळतं. जीपा गेल्या. त्या पोचेपर्यंत कचेरीला कुलूप लागलं होतं आणि तुम्ही नागपूरच्या गाडीत होतात. रिकाम्या परत आल्या.

आज मी त्यांची बॅग भरत होते. व्हीप निघणार हे नक्की झालं होतं. भाषणाचे कागद समर्थने वर ठेवले होते. पहिल्याच पानावर "एका दुर्दैवी पित्याचे मनोगत" असं छापलेलं. मी ते पान वाचलं आणि म्हटलं, "अहो, एक विचारू?"

"इचार की."

"ही नोटीस तेव्हा असती, आणि आपल्या दारात आली असती, तर?"

"तर काय? पोरीला बोलावून घेतली असती. समजावली असती."

"कुणी?"

ते सदऱ्याची बटणं लावत होते.

"महिनाभर तुमच्या हातात असता," मी म्हटलं. "एका दुपारी दोन जीपा जमल्या. महिन्याभरात काय काय जमलं असतं? तेजूला समजवायला कोण गेलं असतं, तुमी का भाऊजी?"

"सविता, बॅग भर."

मी बॅग भरली. ड्रायव्हर सत्यमने गाडी काढली, सामान ठेवलं. मी दारात उभी होते. अण्णा गाडीत बसले आणि परत उतरले. चपला न काढताच आत आले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबले. त्यांना मी आमदार झालेलं पाहिलंय, पडलेलं पाहिलंय, परत झालेलं पाहिलंय. असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

म्हणाले, "मी त्या दिशी जीपा थांबवल्या न्हाईत."

मी म्हटलं, "ठावं हाय मला."

"ती सुटली म्हणून सुटली. माज्यामुळं न्हाई."

मग ते गेले. भाषणाचे कागद घेऊन गेले. काय करतील ते मला माहीत नाही, तेजू. तुला राग यायचा तो येऊ दे. पण जे घडलं ते तुझं होतं, म्हणून तुला दिलं.

आई


तिकोणा पेठ
१३ डिसेंबर

तेजू,

तुझा फोन आला आणि तू नुसती ऐकत राहिलीस, चिडली नाहीस. मीही रडले नाही. तेवढं पुष्कळ झालं.

धम्मदीप अण्णांना भेटला ते घरी येऊन त्याने तुला सांगितलंच असेल. विधेयकाच्या विरोधात निवेदन घेऊन प्राध्यापक, वकील आणि बायकांच्या संघटनेतल्या काहीजणी आमदार निवासात खोलीखोलीतून फिरत होत्या. त्यांच्यात तो होता. समर्थने दार उघडलं आणि त्याला पाहून घाम फुटला म्हणे. अण्णा खाटेवर बसले होते. बाकीच्यांनी नावं सांगितली. याची पाळी आली तेव्हा हा म्हणाला, "धम्मदीप ओव्हाळ. पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. मूळ गाव बेगडेवाडी." अण्णा म्हणाले, "बसा." एवढंच. मग याने निवेदनातले मुद्दे सांगितले, अण्णांनी ऐकले, सगळ्यांना चहा दिला, आणि मंडळी गेली.

तो गेल्यावर काय झालं ते मात्र त्याला माहीत नाही. ते समर्थने मला सांगितलं.

अण्णांनी ते निवेदन पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. निवेदनं ते कधी वाचत नाहीत, समर्थ वाचून दोन वाक्यांत सांगतो. वाचून झाल्यावर म्हणाले, "नीट बोलतं पोरगं. आवाज चढवत न्हाई." निवेदनाची घडी घातली. मग म्हणाले, "मला 'साहेब' म्हणाला." समर्थने कप गोळा करायला घेतले. तेव्हा स्वतःच म्हणाले, "दुसरं काय म्हणंल बिचारा? मी काय ठेवलंय त्याला म्हणायला?"

दुसऱ्या दिवशी पक्षाच्या आमदारांची बैठक होती. तिचं अण्णांनी मला स्वतः फोन करून सांगितलं. एरवी ते फोनवर "जेवलीस का" याच्यापुढे जात नाहीत.

बैठकीत विधेयक कुणी मांडायचं, कोण किती वेळ बोलणार, सगळं वाचून झालं. अण्णांचं नाव पहिलं होतं. ते उभे राहिले. मला म्हणाले, "सविता, मी त्यास्नी म्हणलं, साहेब, ज्या बापाच्या भल्यासाठी तुमी ह्यो कायदा करताय, त्यो बाप मी हाय. ही नोटीस मला आली असती तर माजी पोरगी आज जित्ती नसती. मी मारलं नसतं. पन मी कुनाला थांबवलं बी नसतं. माज्यासारखे बाप गावोगाव हायेत. त्यांच्या हातात ह्यो कागद देऊ नका. एवढंच माजं भाषण."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? कुनीतरी खोकलं. साहेब म्हणाले, 'कैलासराव, भावना समजल्या. तुमचं नाव यादीतनं काढू. विधेयक आता मागं घेता येत नाही, लोकांच्यात गेलंय. मतदानाच्या वेळी तुम्ही बाहेर चहाला जा. कुणी विचारणार नाही.'"

बैठक सुटल्यावर चार-पाच आमदार जिन्यावर त्यांचा हात दाबून गेले. "बरं बोललात अण्णा." आत मात्र एकानेही मान हलवली नव्हती. अण्णांना त्याचा राग नव्हता. म्हणाले, "मी बी तसाच मागं जिन्यावर हात दाबत आलोय की."

मी विचारलं, "जाणार का चहाला?"

म्हणाले, "चहालाच गेलोय आजपातुर. अडचणीचं काय निघालं की चहा." आणि फोन ठेवला.

आई


बेगडेवाडी
१८ डिसेंबर

तेजू,

वरचं गाव वाचून चकित झालीस ना? मी तुझ्या सासरी बसून हे लिहिते आहे.

मतदान आज होतं. घरात मला बसवेना. टीव्हीवर काही दाखवत नव्हते आणि भाऊजी पायरीवर येऊन बसणार हे माहीत होतं. गाडी अण्णांबरोबर नागपूरला. मी सरळ पवनानगरला येऊन कामशेतच्या वडापच्या जीपमध्ये बसले. मारुती जीपवाला गडबडला. "वैनी, तुमी? मागं कशाला, पुढं बसा. कुटं निगालात?" मी म्हटलं, "विहिणीकडं." जीपमधलं बोलणं एकदम थांबलं. पण कामशेतला उतरताना एका म्हातारीने माझी पिशवी खाली काढून दिली.

कामशेतहून लोकलने आले. स्टेशनात उतरून भिमाजी ओव्हाळांचं घर विचारलं. भागुबाई दारातच तांदूळ निवडत होत्या. मला त्यांनी ओळखलं, मी त्यांना ओळखलं. सूप बाजूला ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या. लय उशीर केलात, पन या."

त्यांनी हाताला धरून आत नेलं.

आत भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली तुझ्या लग्नाचा फोटो आहे. मी तो पहिल्यांदा पाहिला. तू पांढरी साडी नेसली होतीस. मला वाटायचं हिरवी असेल, शालू असेल. चार वर्षं मी मनात तुला हिरव्या साडीत बघत आले. पांढरी तुला फार छान दिसते, तेजू. भागुबाई म्हणाल्या, "धम्म पद्धतीनं लागलं, नागपुरात. आमची मानसं थोडीच होती. तिच्या बाजूनं कुनीच नव्हतं, मंग मीच दोन्ही बाजूंनी उभी ऱ्हायले." मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी दोन्ही खांदे धरून मला उभं केलं. म्हणाल्या, "येडं का काय? आमच्यात असं न्हाई, आन् तुमच्यात बी विहिणी एकमेकीच्या पाया पडत न्हाईत."

जेवलो. भाकरी आणि वालाचं बिरडं. भिमाजी भाऊ कंपनीतून आले, मला पाहून बाहेरच थांबले, मग हातपाय धुऊन आत आले आणि "रेल्वेनं आलात का?" एवढंच विचारून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. तिघं फोनकडे बघत बसलो.

दिवस कलताना ज्योत्स्नाताईंचा फोन आला. आमदार ज्योत्स्नाताई, सभागृहात अण्णांच्या शेजारच्या बाकावर बसतात, आपल्याच पक्षाच्या. मी फोन मोठा केला म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

त्या म्हणाल्या, "वहिनी, मी तुम्हाला पहिल्यापासून सांगते. चर्चा झाली. विरोधकांनी गोंधळ घातला आणि मतदानाच्या आधी सभात्याग करून सगळे बाहेर गेले. सभागृहात उरलो आपलेच. पक्षाचे प्रतोद अण्णांकडे दोनदा आले, 'अण्णा, चहा थंड होतोय.' अण्णा उठेनात. मी हळूच म्हटलं, 'जा हो, काय फरक पडणार आहे? विधेयक तर होणारच.' ते म्हणाले, 'ताई, ते मला बी कळतंय.' मग अध्यक्ष म्हणाले, विधेयकाला अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. आम्ही सगळे होय म्हणालो. मीही म्हणाले, वहिनी. मला अजून राजकारण करायचंय, तुमच्याशी खोटं का बोलू? मग अध्यक्ष म्हणाले, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. समोरचे बाक रिकामे. कुणी बोलणार नाही म्हणून अध्यक्षांनी पुढचा कागद उचललासुद्धा होता. आणि अण्णा 'नाही' म्हणाले."

भागुबाई फोनपाशी सरकल्या. ज्योत्स्नाताई पुढे म्हणाल्या,

"ओरडून नाही हो. घरात बोलतात तसं म्हणाले. पण सभागृहात इतकी शांतता होती की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. अध्यक्षांनी वर पाहिलं. मग ते म्हणाले, होयचे बहुमत आहे, विधेयक संमत झाले. आणि कामकाज पुढे गेलं. अण्णा बसूनच होते. मी माझ्या पदराखाली त्यांचा हात धरला, वहिनी. भाऊ म्हणून धरला."

भागुबाईंनी डोळ्याला पदर लावला. भिमाजी भाऊंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "एकटाच म्हणाला?"

मी म्हटलं, "एकटेच."

"मंग अवघड म्हणाला," ते म्हणाले आणि उठून चहा ठेवायला गेले.

आज इथेच राहते आहे. भागुबाईंनी गोधडी काढली आहे. तुझीच आहे, तू मागच्या मे महिन्यात आली होतीस तेव्हा पांघरलेली. तू इतक्या जवळ येऊन गेलीस आणि मला कळलं नाही. कळवलं नाहीस ते बरोबरच केलंस.

आई


तिकोणा पेठ
२ जानेवारी

तेजू,

अण्णा परत आले त्याला आठवडा होऊन गेला. घर पहिल्यांदाच इतकं शांत आहे. अधिवेशनाहून आल्यावर अंगणात गाड्या लावायला जागा नसायची. यंदा रस्ता मागायलासुद्धा कुणी येईना. कामशेतच्या रस्त्याची फाईल खाली गेली असं समर्थ म्हणतो. पक्षाने अण्णांना नोटीस धाडली आहे, आदेश का मोडला याचा खुलासा मागितला आहे. आमदारकी राहते की जाते ते त्याच्यावर ठरेल. वकील म्हणाले, "ऐकू आलं नसेल, कुणीतरी दुसरंच बोललं असेल, असं लिहा. आवाजी मतदानात नाव कुठे नोंदवलेलं असतं?" अण्णा म्हणाले, "लिहा, मीच म्हणालो." वकिलांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

विठ्ठल भाऊजी येत नाहीत. पहिल्या दिवशी आले होते, पायरी न चढता अंगणातूनच म्हणाले, "कैलास, माजा भाऊ त्या जीपा गेल्या त्या दिशी होता. ह्यो कोन हाय मला ठावं न्हाई." अण्णा म्हणाले, "दादा, त्या दिशी जो होता त्याचीच मला लाज वाटती." भाऊजी निघून गेले. सख्खे भाऊ आहेत, एका ताटात जेवलेले. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

गावात दोन्ही तऱ्हा आहेत. देवस्थान समितीने यंदा उत्सवाच्या पत्रिकेत अण्णांचं नाव घातलं नाही. पण काल मारुती जीपवाला भरलेली जीप रस्त्यात थांबवून आत आला, पायरीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "अण्णा, तुमचं पटलं न्हाई आमाला. माजी बी पोरगी हाय कालिजात. पन तुमी खोटं न्हाई बोल्लात. मत तुमालाच देनार." अण्णा कितीतरी वेळ हसत होते. मला म्हणाले, "बघ, ह्येला म्हणत्यात मतदार. ह्याचं गणित कुनाला सुटलंय?"

विधेयक अजून विधान परिषदेत जायचं आहे. तिथे ते समितीकडे जाईल असं ज्योत्स्नाताई म्हणतात, कदाचित नोटिशीचं कलम गळेलही. त्या म्हणाल्या, दोघा-तिघांनी त्यांना हळूच विचारलं की अण्णा बैठकीत नेमकं काय म्हणाले होते, परत सांगा. मला यातलं फार कळत नाही. होईल ते होईल.

आता ज्यासाठी आज लिहायला बसले ते.

सकाळी मी पाकिटावर तुझा पत्ता लिहीत होते. अण्णा अंगणात उन्हाला बसले होते. मी इतके दिवस हे पोस्टाचं त्यांना सांगितलं नव्हतं. ते तिथूनच म्हणाले, "तिला लिहितीस ना गं?"

मी म्हटलं, "व्हय."

"आमी यायचं म्हणतोय, असं लिही." मग लगेच म्हणाले, "न्हाई, तसं नको. तसं म्हंजे येतोच म्हणल्यावानी वाटतंय. इचार तिला. यावं का, असं इचार. आन् तिला एकटीला नको, जावईबापूंना बी इचार. घर दोघांचं हाय."

'जावईबापू' हा शब्द त्यांच्या तोंडून आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही पाकिटाकडेच बघत राहिले.

ते म्हणाले, "त्या जीपांचं तू तिला सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"बरं केलंस. मंग तिला समदं ठावं असून तिनं ठरवू दे. घाई नको म्हणावं. महिना घे, वरीस घे. आन् सविता, हे बी लिही..."

मी पेन धरून वाट पाहत होते.

"न्हाई म्हणाली तरी चालंल, असं लिही. ते ऐकून घ्यायची बी माजी तयारी हाय."

तर तेजू, विचारते. आम्ही दोघांनी तुमच्याकडे आलेलं तुम्हाला चालेल का?

आई